उभी राहिलेली मुलगी

तमाम जनतेस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते, की बास्केटबॉलच्या मैदानावर दुसरीच्या वाटेत खांबासारखं उभं राहण्याचा प्रत्येकीला पूर्ण हक्क आहे. याला स्क्रीन म्हणतात. अट एवढीच, की धडक बसताना हलायचं नाही. कंबर जराशी सरकली, की फाऊल.

नव्या पंचांना हे मी वर्षानुवर्षं घसा फोडून शिकवत आलेय. “पडणारीकडे बघू नका, उभी आहे तिचे पाय बघा.” शिकवताना मी स्वतः पडूनही दाखवते, अगदी साग्रसंगीत.

आणि श्रीगोंद्यात शाळेच्या मुलींच्या सामन्यात मीच ते विसरले. पारनेरची एक मुलगी चेंडूमागे सुसाट निघाली, ती वाटेत उभ्या असलेल्या श्रीगोंद्याच्या उंच मुलीवर आदळून धाडकन पडली. त्या आवाजाला दचकूनच माझी शिट्टी वाजली असणार. उंच मुलीचा पाचवा फाऊल, म्हणजे ती बाहेर. मुलगी दहावीतली, शाळेकडून हा तिचा शेवटचा सामना. ती नुसती खाली बघत राहिली. म्हणून मीही खाली बघितलं.

मैदान मुरमाचं, नुकतंच पाणी मारलेलं. तिच्या बुटांचे दोन ठसे शिक्का मारावा तसे स्वच्छ उमटलेले. घसरल्याची रेघ कुठेच नाही. पडलेल्याची दया येते आणि उभा असलेला आपोआप गुन्हेगार ठरतो. घरी दोन मुलांची भांडणं मी अशीच सोडवली असतील का, असं भलत्या वेळी मनात येऊन गेलं.

सोबतच्या पंचांना विचारलं. ते हळूच म्हणाले, “पाय न्हाई हलला तिचा. पन तुमची शिट्टी वाजली, मी काय बोलनार?”

सगळ्या गर्दीसमोर गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलापर्यंत गेले आणि दोन्ही हात हलवून फाऊल रद्द केला. उंच मुलीला म्हटलं, “खेळ बाई. चुकलं माझं.”

पारनेरचे सर तरातरा आत आले. “मॅडम, आमची पोरगी काय हौसेनं पडली व्हय?”

मी उत्तर जुळवत होते, तोच पडलेली मुलगी कोपराची माती झटकत त्यांच्यावरच खेकसली, “सर, तुमीच वरडत हुता ना, ‘चेंडू बघ, चेंडू बघ’! मग ही मला कशी दिसनार?”