गेणबांचे कडक मालक

नेरे गावच्या गेणबांना कुणाला ‘नाही’ म्हणता येत नसे. एवढ्या भिडस्त माणसानं भाड्यानं द्यायला चाळ बांधावीच कशाला, असं त्यांची बायको साळूबाई म्हणायची, आणि तिचं काही चुकत नव्हतं. भाडेकरू रडगाणं घेऊन आला की गेणबा विरघळलेच. शेवटी त्यांनी तोड काढली. नव्या भाडेकरूला ते सांगू लागले, “मी नुसती देखरेख करतुया. मालक मुंबईला असत्यात. लई कडक माणूस हाय.” भाडेकरू सगळे बाहेरगावचे, हिंजवडीत नोकरीला. गावाला खरं ठाऊक होतं, पण गाव हसून गप्प बसायचं.

थाप अंगवळणी पडली, तशी ती दुरुस्तीच्या वेळीही कामाला येऊ लागली. छत गळलं? मालकांच्या कानावर घालतो. जिना खचला? तेच. चाळीची पार रया गेली.

मग उत्कर्षा आली. मोडकळीला आलेल्या भाड्याच्या इमारती दुरुस्त करून चालवायला घेणाऱ्या कंपनीत ती होती. मालक हाती लागत नसेल तर आधी देखरेख करणाऱ्याला आपलंसं करायचं, ही तिची रीत. ती गेणबांकडे चहाला बसू लागली.

“काका, मालकांना एकदा फोन लावून द्या ना.”

“उचलत न्हाईत,” गेणबा दर वेळी म्हणायचे.

एका दुपारी ती अशीच बसली असताना चाळीत आरडाओरडा झाला. साधना नावाच्या भाडेकरणीच्या खोलीतला छताचा गिलावा सुटून तिच्या लेकीच्या पाळण्यात पडला होता. पोर तेव्हा कडेवर होती म्हणून निभावलं. गेणबा धावले, मागोमाग उत्कर्षा. म्हातारा वाकून पाळण्यातले तुकडे एकेक करून उचलू लागला.

“काका, तुम्ही देवमाणूस,” साधना म्हणाली. “पण तुमच्या मालकाला लेकरंबाळं नाहीत का हो?”

गेणबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “मालक-बिलक कुणी न्हाई, पोरी,” ते म्हणाले. “मीच हाय.”

साधना लेकीला घेऊन खोलीबाहेर निघून गेली. उत्कर्षानं त्या दिवशी कराराचा विषयसुद्धा काढला नाही. दुसऱ्या दिवशी गेणबांनीच तिला बोलावून सही केली.

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी साधना ओसरीवर आली. “मालक, छत होईपर्यंत आम्ही राहायचं कुठं?”

गेणबांनी आपलं माजघर रिकामं करून दिलं. ती महिनाभर तिथं राहिली, साळूबाईशी हसली-बोलली. पण गेणबांना ‘काका’ अशी हाक तिनं पुन्हा मारली नाही, आणि ते त्यांच्या जिवाला फार लागलं.