मास्तरांच्या पोटातला दुसरा

जिन्याखालच्या टीचभर दुकानात मास्तरांनी उभं आयुष्य लोकांच्या पँटी सैल-घट्ट करण्यात घालवलं. हात सोन्याचा, जिभेला मात्र हाड नाही. त्यांच्या स्वतःच्या पोटात जळजळ सुरू झाली तेव्हा बायको म्हणाली, "गिऱ्हाइकांच्या ढेऱ्यांना नावं ठेवलीत, आता भोगा."

पोटात दुर्बीण घालून बघितल्यावर डॉक्टरीणबाईंनी कॅन्सर सांगितला. पण सौम्य जातीचा, पोटातल्या जंतूंमुळे वाढणारा, म्हणून ते जंतू मारणाऱ्या गोळ्यांनीही मागे हटणारा. आणि तो हटायलाही लागला. जळजळ थांबली, मास्तर चवीने जेवू लागले, बायकोच्या जिवात जीव आला.

मग एका दुपारी कापडाला हात घालायला उठले, तर पँट कमरेवरून घसरली. त्यांनी ती आत घेतली. थोड्याच दिवसांत पुन्हा घ्यावी लागली. अन्नावरची वासना तशीच, दुखणं नावाला नाही, आणि अंग उतरत चाललेलं.

"मी जेवतोय ते जातंय कुठे?" त्यांनी विचारलं.

बायको ताट उचलता उचलता थांबली. "खरं सांगू? तुम्ही जेवता तेव्हा वाटतं, कुणालातरी भरवताय."

त्यानंतर मास्तर भर दुपारी मशीन थांबवून पोटावर हात ठेवून बसत. आत कसलीच हालचाल जाणवत नसे, आणि त्याचीच त्यांना भीती वाटे.

दुर्बीण पुन्हा झाली. आतून काढलेले तुकडे तपासून आले.

"पहिला जवळजवळ गेलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा दुसराच आहे, वेगळ्या जातीचा. त्याला खेटूनच होता. बहुधा आधीपासून."

"मग इतके दिवस कळलं कसं नाही?"

"हा लवकर दुखत नाही."

घरी येताना बायको पुटपुटली, "बोंबलणाऱ्याला हाकललं आपण. गुमान बसलेला तसाच राहिला."

जठर पूर्ण काढावं लागलं. मास्तर वाचले. पुन्हा दुकानात बसतात, चिमणीएवढे घास खातात. भूक अशी लागतच नाही. बायको हाक मारेल तेव्हा जेवायचं.

परवा एक शिवण उसवताना ते म्हणाले, "आज फार बरं वाटतंय गं. कुठ्ठेच दुखत नाही."

बायको पदराला हात पुसत म्हणाली, "उद्या दवाखान्यात जाऊन येऊ."