पदर घेणारं भूत

शनिवारी दुपारी आम्ही वाईट सिनेमे बघतो. यवतमाळला एका फ्लॅटमध्ये आम्ही तिघी नोकरीवाल्या मुली राहतो आणि सिनेमा जितका भिकार, तितकी आमची दुपार छान जाते. त्या दोघी बोलत असतात, मी ऐकत असते. इंग्रजी शाळेत मी मराठी बोलायला घाबरायचे आणि घरी इंग्रजी बोलायला, त्यातून गप्प राहायची सवय लागली ती लागलीच.

त्या शनिवारी आम्हाला ऐंशीच्या दशकातला एक हिंदी भुताचा सिनेमा सापडला. कुणी नाव ऐकलेलं नसावं असा. एका जिनिंग कारखान्याचा सेठ धाकट्या भावाच्या बायकोला मारून कापसाच्या गंजीखाली पुरतो आणि दर हंगामात ती बाहेर येते, एवढीच गोष्ट. रबराचा हात, त्याला बांधलेली दोरी स्पष्ट दिसणारी, आणि धुकं म्हणून पंख्यासमोर उडवलेला कापूस. त्या कापसातून पांढऱ्या लुगड्यातली भुताची बाई चालत येते, केस मोकळे, चेहरा पावडरीनं थापलेला. हिरो मागे सरकतो. आणि तेवढ्यात ती बाई पदर ओढून नाकातोंडावर घेते, टोक कानामागे खोचते आणि तशीच पुढे चालत राहते.

“भुताला डस्ट अ‍ॅलर्जी आहे,” मी म्हणाले.

दोघी हसून हसून आडव्या झाल्या. एकीच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्या बोलण्यावर कुणी इतकं हसल्याचं मला आठवत नाही. पुढे तो आमच्या घरातला खेळच झाला. झाडू मारताना ओढणी नाकावर घ्यायची, हात पुढे करायचे आणि कण्हत चालायचं. सगळ्यात चांगलं भूत मी करायचे.

महिनाभरानं आईशी फोनवर बोलताना मी सहज तो सिनेमा सांगितला. जिनिंग म्हटल्याबरोबर आई म्हणाली, “दिग्रसचं असंल. तुझ्या मोठ्या आईनं काम केलतं ना एका भुताच्या सिनेमात. सांगत असते ते. कोणी खरं मानत नाही.”

मोठी आई म्हणजे आईची थोरली बहीण. लग्नाआधी ती दिग्रसला जिनिंगमध्ये कामाला जायची. आता बोरी अरबला असते. फोन ठेवून मी तो भाग पुन्हा लावला. या वेळी आवाज बंद करून. पदर डाव्या हातानं ओढलेला, अंगठ्यानं ताणलेला, टोक कानामागे. तूर उफणताना, अंगण झाडताना, तिखट कुटताना मोठी आई असाच पदर घेते. लहानपणापासून मी ते बघत आले आहे. तरी मला ओळखू आलं नव्हतं.

आईनं तिला लगेच सांगून टाकलं असावं, कारण संध्याकाळी तिचाच फोन आला.

“मोबाइलात सापडला म्हंते बाई? मी आहो का त्याच्यात?”

“आहेस, मोठी आई.”

“पदर घेतला ते आहे का?”

मी हो म्हणाले. मग ती बराच वेळ सांगत राहिली. भूत करायला मुंबईहून आलेल्या बाईच्या घशात कापूस गेला आणि ती खोकत बसली. शूटिंगचा साहेब म्हणाला, या पोरीचे केस लांब आहेत, हिलाच उभी करा. “मी आपली चालली. नाकात रुई गेली तसा पदर घेतला. आदत होती ना. साहेब कावला, म्हने भूत कधी नाक झाकते का? पन रील संपली होती त्याईची. तसंच राहू देल्लं.” सिनेमा टॉकीजला लागला तेव्हा तिचं लग्न झालेलं होतं. सासरी टॉकीजचं नाव काढायची सोय नव्हती. “गल्लीतल्या बायका मले हिरोइन हिरोइन म्हनून चिडवतात. तू येऊन दाखव त्याईले. बाकी काही नाही, एकडाव पाहू दे म्हनावं.”

मी रविवारी गेले. तिच्या खोलीत खिडकीला चादर लावलेली होती, टीव्ही पुसून ठेवला होता. ती स्वतः नवं लुगडं नेसून दाराशी बसली होती. गल्लीतल्या सात-आठ बायका आल्या. कुणी लसूण सोलायला घेऊन आली होती. शेजारच्या काकू, ज्यांच्या जिभेला मोठी आईसुद्धा जपून असते, मला बघून म्हणाल्या, “पोरीले मराठी येते ना? का आम्हीच इंग्लिश बोलावं?”

“बोला न मंग,” मोठी आई म्हणाली. “आयकू दे तिले.”

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि मोबाइल टीव्हीला जोडला.

त्या बायका आमच्यासारखा सिनेमा बघत नव्हत्या. दोरी कुणाला दिसली नाही, किंवा दिसली तरी कुणी बोललं नाही. सेठ आला की त्या त्याला शिव्या घालत होत्या. पुरलेल्या सुनेसाठी एकीनं जीभ चुकचुकवली. “नवरा कुठी गेला वं तिचा? भाऊ मारते अन् हा झोपून राह्यला.” मोठी आई पडद्याकडे कमी आणि त्यांच्या तोंडांकडे जास्त बघत होती.

“आता येते,” ती म्हणाली. “गंजीच्या मांगून.”

कापूस उडू लागला. ती आली, केस मोकळे सोडून. मला पुढचं सगळं माहीत होतं. हिरो मागे सरकेल, ती पदर ओढेल. आणि मला आमच्या खोलीतलं हसू ऐकू आलं, एकीच्या डोळ्यांतलं पाणी दिसलं. या बायका हसतील. काकू तर आयुष्यभर पुरवून हसतील. माझा अंगठा फोनवर होता. मी तो सरकवला.

पडद्यावर हिरो एकदम पऱ्हाटीच्या शेतातून पळताना दिसला.

“काय झालं वं?” कुणीतरी विचारलं.

“नेट अडकलं,” मी म्हणाले.

मोठी आई मान ताणून पडद्याकडे बघू लागली. तिला वाटलं असेल, पुढे येईल. सिनेमा चालत राहिला, भूत आणखी दोनदा आलं, लांबून, केसांनी झाकलेलं. शेवटी पुजाऱ्यानं पाणी शिंपडलं आणि संपलं.

“तू कुठी होतीस याच्यात?” काकू म्हणाल्या. “ते पावडरवाली? ते तं कोनीबी असंल.”

“केस पाहा ना माहे.”

“केस काय वं, माहेबी होते तेवढे. बरं हाय बाप्पा, भूत तं भूत. हिरोइनबाई, चहा ठेवा आता.”

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी ओरडलं, नळ आले. बोरीत नळ रोज येत नाहीत. लसणाच्या साली झटकत सगळ्या उठल्या आणि क्षणात खोली रिकामी झाली.

मोठ्या आईनं खिडकीची चादर काढली. घडी करता करता म्हणाली, “पदराचं कापलं वाटते मोबाइलवाल्याईनं.”

“नाही,” मी म्हणाले. “थांब, मागे घेऊन बघते.”

मी तो भाग लावला. ती घडी हातात धरून टीव्हीच्या अगदी जवळ गेली. पडद्यावर पदर वर गेला तसा तिचा हातही नकळत खांद्याकडे गेला. “हेच तं,” ती म्हणाली. “पाह्य, हेच तं मी सांगत होती. आता कोनी म्हनलं असतं का, मी नाही म्हनून?”

“बोलावू का त्यांना?”

“नळ सोडून कोन येते?” तिनं माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा उतरला असावा, कारण ती माझीच समजूत काढू लागली. “तू कायले तोंड पाडते? नेटचं काय, तुह्या हातात असते का बाई?”

मी कोपऱ्यातली बादली उचलली आणि पाण्याला गेले. निदान तेवढं तरी. काकू माझ्या पुढेच होत्या. रांग पुढे सरकेपर्यंत त्यांनी माझ्याकडे दोनदा वळून पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, चिडवत नव्हत्या, खरंच विचारत होत्या:

“खरंच हाय का वं तुही मोठी आई त्याच्यात?”

“हो.”

“अन् मंग वळखू काहून नाही आली?”

हेच तर सांगायचं होतं. तूर उफणताना ती पदर कसा घेते ते आठवा, तसाच तिथं घेतलाय, चला, आत्ता दाखवते. एवढी वाक्यं माझ्याकडे मराठीत होती. पण त्यांनी विचारलं असतं, मग आम्ही पाहत होतो तेव्हा ते कुठं गेलं?

“तिथंच नेट अडकलं होतं,” मी म्हणाले.

“हौ का,” काकू म्हणाल्या. त्यांची हंडी भरली होती. ती कमरेवर घेऊन त्या निघाल्या, आणि मी त्यांच्या जागी बादली ठेवली.