माझ्या नोकरीचे रोडगे

वरवट बकालच्या स्टँडवर शेगावची एसटी लागली, मी खिडकीशी जागा धरली, आणि माझ्या मायने अख्ख्या गावासमोर नवस बोलला, "मारोतीराया, माह्या पोराले पुण्यात नोकरी लागू दे, शेतात रोडगे करीन, गाव जेवू घालीन!" मनातल्या मनात बोलली असती तर काय बिघडलं असतं? पण मायला मनातलं मनात ठेवणं कधी जमलंच नाही. बाबा एवढंच म्हणाले, "पोचला की फोन कर."

मेकॅनिकलचा डिप्लोमा हातात होता. महिन्याभरात लागू, अशी माझी खात्री होती. दोन वर्षं गेली. हडपसरच्या रूमवर आम्ही तिघं. सकाळी मोबाइलवर अप्लाय करायचं, मग कंपन्यांच्या गेटवर फाइल घेऊन उभं राहायचं. "कळवतो" हा शब्द मी इतक्या गोड आवाजांत ऐकलाय की आता त्याचा रागही येत नाही. भाडं निघावं म्हणून गोडाऊनमध्ये पॅकिंग केलं, लग्नांत पंगती वाढल्या. त्याला नोकरी म्हणायची हिंमत मात्र झाली नाही.

इतर पोरांना गावाकडून "लागला का?" एवढंच विचारतात. मला विचारायचे, "रोडगे कधी?" किराणावाले विचारायचे, चुलतभाऊ विचारायचा. मी हसून विषय बदलायचो. खरं काय ते कुणालाच सांगितलं नाही. दोन दिवाळ्या रूमवरच काढल्या. इंटरव्ह्यूपेक्षा मला वरवटच्या स्टँडची जास्त भीती वाटायची.

आणि एक दिवस बाबांचा फोन आला. "रविवारी रोडगे हायेत. ये."

यांनी गावात सांगितलं तरी काय? पोरगा लागला म्हणून? मी भांडायच्या तयारीनेच गाडीत बसलो.

शेतात पोचलो तर गोवऱ्यांचा धूर, मोठ्या गंजात रटरटणारी वांग्याची भाजी, आणि निखाऱ्यांच्या आरातून काढलेले कणकेचे रोडगे पोत्यात घोळून राख झाडणारे बाबा. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "बाबा, मले अजून नोकरी लागली नाही. लोकायले काय सांगतलं तुम्ही?"

"जे हाय ते. शोधून राह्यला म्हणून."

"मंग रोडगे काऊन?"

"लागल्यावर तुले सुट्टी कोन देईन बे? म्हणून आताच उरकून घेतलं."

पंगतीत शेजारच्या शेतातले सुदामकाका माझ्या बाजूला बसले होते. रोडगा कुस्करून त्यावर वरण घेत म्हणाले, "आम्हाले तं वाटे, हा केव्हाचा लागला अन् जेवण चुकवून राह्यला! मले सांगाचं ना. माह्या साळ्याचं पोरगं चाकणले हाय. बोलतो त्याच्याशी."

दोन वर्षं मी ज्यांच्यापासून तोंड लपवत होतो, ते मला बेकार नाही, चिक्कू समजत होते! मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. मग ते पाणी थांबेना. सुदामकाकांनी माझ्या पानात आणखी एक रोडगा टाकला.

चाकणला लगेच काही झालं नाही. पहिल्यांदा नकारच आला. पण आता मी विचारेल त्याला खरं सांगत होतो, आणि नकार आला की घरी फोन करून कंपनीला शिव्या घालत होतो, त्यामुळे पोटात साचत नव्हतं. काही महिन्यांनी सुदामकाकांच्या त्याच भाच्याने पुन्हा बोलावलं. क्वालिटी इन्स्पेक्शनचं काम. तिथे लागलो.

रूमवर फोन सायलेंट करून बसलेल्या माझ्या भावांनो, एवढंच सांगतो, लागायच्या आधीच एकदा घरी जाऊन या. तिथे कुणी तुमचा रेझ्युमे मागत नाही.

नोकरीचं कळवायला मी मायला फोन केला. ती रडली, हसली, कँटीनमध्ये काय देतात ते विचारलं. मग मला आठवलं. "माय, नवसाचं काय? रोडगे तं आधीच झाले."

"तो त्याच दिवशी फिटला बापू."

"पण नवस तं नोकरीचा होता ना?"

"बदलला म्या. दुसऱ्या दिवाळीले तू आला नाही, तवा मारोतीले सांगतलं, नोकरीचं राहू दे, पोरगं तेवढं घरी येऊ दे."