पिराजीअण्णांचा नंबर

हां, तर काल चहा आला आणि गोष्ट तिथंच राहिली. पिराजीअण्णांचा फोन नंदीशच्या टेबलावर उताणा पडलेला, आणि त्याच्या तडकलेल्या काचेवर तिसऱ्यांदा तेच वाक्य उमटलेलं: हा नंबर पडताळणीसाठी खूप वेळा वापरला गेला आहे.

"कुणी वापरला?" अण्णा खुर्चीतून पुढं झुकले. "फोन तर सकाळपासून माझ्यापाशीच हाय."

नंदीश मान खाली घालून की-बोर्ड बडवत राहिला. भूमच्या स्टँडसमोर त्याचं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. दाखले, फॉर्म, झेरॉक्स, सगळं तिथंच. बाजारचा दिवस होता, दारात माणसांची रीघ, आणि हा पठ्ठ्या दुपारी दोनपासून एकट्या अण्णांचा ईमेल काढत बसलेला. आता सव्वातीन झाले होते. पाचला यादी बंद होणार होती.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी यादीचं पुन्हा सांगतो. ईट गावचे पिराजीअण्णा म्हणजे भूमच्या एसटी स्टँडवरचे कंट्रोलर. तीस वर्षं त्यांनी काचेच्या खिडकीत बसून माईकवर गाड्या पुकारल्या. त्यांच्या आवाजावर माणसं पुण्याला गेली, नागपूरला गेली, लातूरच्या दवाखान्यात गेली आणि बरी होऊन परत आली. अण्णा मात्र खिडकीत. लांबचा प्रवास म्हणावा तर एकदा दीक्षाभूमीला जाऊन आले, तेवढाच. रिटायर झाल्यावर बायकोबरोबर अनुराधपूरचा बोधिवृक्ष बघायचा असं ठरलं होतं. बायको त्याआधीच गेली. यंदा धाराशिवच्या विहारातली मंडळी अकरा दिवसांसाठी श्रीलंकेला निघाली आणि अण्णांनी दुसऱ्याच दिवशी नाव सांगितलं. पासपोर्ट काढला. फोटो काढला, तोही कोट मागून आणून. सगळं झालं आणि घोडं अडलं ते ईमेलावर. यात्रेच्या यादीत नाव चढवायचं तर वेबसाईटवर फॉर्म भरायचा, व्हिसा आणि तिकीट ईमेलावर येणार, आणि तो ज्याचा त्याचा पाहिजे. नंदीशनं सवयीप्रमाणं दुकानाचा ईमेल टाकून बघितला, तर वेबसाईट म्हणाली, हा आधीच नोंदलेला आहे. म्हणून हा खटाटोप.

फोनही कसा, तर मुलानं वापरून सोडलेला. मागचं झाकण रबरबँडनं बांधलेलं. बॅटरी हलली की फोन बंद पडायचा आणि पुन्हा सुरू झाला की तारीख २०१२ सालची दाखवायचा. पहिला पाऊण तास त्यातच गेला. तारीख चुकीची असली की नेटवरचं पान उघडत नाही, तसं उघडेचना. नेट तपासलं, वायर तपासली, शेवटी नंदीशला तारीख दिसली आणि त्यानं कपाळाला हात लावला.

"अण्णा, तुमच्या फोनात अजून बारा सालच चालू हाय."

मग जन्मतारीख. एक जून. अण्णांच्या वयाची ईटमधली सगळी माणसं एक जूनलाच जन्मलीत. मास्तरांनी शाळेत नाव घालताना तीच तारीख सगळ्यांना वाटली. नंदीशनं न विचारताच टाकली. नाव झालं, आडनाव झालं, पासवर्ड कागदावर लिहून झाला, आणि मोबाईल नंबरापाशी गाडी रुतली.

"अण्णा, एक सांगू का?" नंदीशनं अखेर तोंड उघडलं. "हा नंबर मीच वापरलाय."

"तू?"

"मी म्हंजे... तुमच्या गावासाठीच की. आठवा ना."

अण्णांना आठवलं. न आठवायला काय झालं? वस्तीत पहिला मोबाईल त्यांनी घेतला. रेंज धरायला तेव्हा पाण्याच्या टाकीवर चढावं लागायचं. तिथं उभं राहून त्यांनी कुणाच्या मुलीचं लग्न जुळवलं, कुणाच्या बापाला दवाखान्यातून घरी आणायची गाडी ठरवली. शाळेत नंबर द्यायचाय? अण्णांचा द्या. गॅसला? अण्णांचा द्या. पुढं घरोघरी फोन आले, पण लोक ऑफर बघून सिम बदलायचे. दिवाळीला एक नंबर, पाडव्याला दुसरा. अण्णांचा नंबर तेवढा पहिल्या दिवसापासून तोच. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं तर विचारूच नका. सहा महिने ती माणसं कर्नाटकात, कधी उसाच्या या फडात तर कधी त्या फडात. पोरांचे स्कॉलरशिपचे फॉर्म मात्र इथंच भरायचे. प्रत्येक फॉर्मला ईमेल लागायचा, मागच्या वर्षीचा पासवर्ड कुणाच्याच ध्यानात नसायचा, मग नंदीश नवा काढायचा आणि अण्णांना फोन लावायचा. अण्णा एका रिंगमध्ये उचलायचे. फोनवर आलेला कोड ते स्टँडवरच्या आवाजात पुकारायचे, "सात... चार... नऊ... नऊ..." समोरच्यानं कधी पुन्हा विचारलं नाही.

"किती काढले असशील?"

"मोजले न्हाईत अण्णा. पण कंपनीनं मोजलेत."

अण्णांना हसू आलं, आणि हसता हसताच नजर घड्याळाकडं गेली. ते टेबलाच्या आणि भिंतीच्या मधल्या खुर्चीत बसले होते. एका बाजूला झेरॉक्सचं मशीन, दुसऱ्या बाजूला कागदांचे गठ्ठे. उठायचं म्हटलं तर नंदीशला आधी उठावं लागत होतं.

"मंग तुझा नंबर टाक."

"माझा तर कवाच संपलाय. म्हणून तर तुमचा वापरायला लागलो."

घरच्यांचा टाकावा, तर मुलगा प्रेमानंद आणि सून वृषाली दोघंही पुण्याकडं एकाच कंपनीत. फोन गेटवर जमा, हातात येणार सहानंतर. इतक्यात टेबलावरचा फोन थरथरला. धाराशिवहून यात्रेचं बघणारी प्रीती होती.

"अण्णा, एकच जागा उरलीय हो. पाचला यादी आपोआप बंद होते. माझ्या हातात काय न्हाय."

"भरतोय, ताई. भरतोयच."

फोन ठेवला तोच पुन्हा वाजला. धनाजी, वस्तीतलाच, सध्या ऊसतोडीला. "अण्णा, आमच्या सोनालीच्या हॉस्टेलचा कोड आला का? तिकडं बाई खोळंबलीय."

कोड आला होता. अण्णांनी चष्मा वर केला आणि पुकारला. "दोन... शून्य... सहा... एक..." दारातली दोन माणसं सवयीनं वळून बघायला लागली, कुठली गाडी लागली म्हणून. मग अण्णांनी आवाज खाली आणला. "धनाजी, माझं एक काम कर. तुझ्या नंबरावर कोड पाठवतो, तेवढा सांग."

"अण्णा, माझा फोन उसात पडला. ह्यो मुकादमाचा हाय." मग कुजबुजत, "आन मुकादम शेजारीच उभा हाय." फोन बंद झाला.

मग अण्णा दुकानाच्या पायरीवर आले. समोरून सारा ईट चाललेला, पिशव्या घेऊन. ज्याचं काम त्यांनी कधी केलं नाही असा यात एकही नव्हता. त्यांना वाटलं, दोन मिनिटांचा तर प्रश्न.

शेजारच्या बी-बियाण्यांच्या दुकानातले शरणबसप्पा गल्ल्यावरून हसले. अण्णांनी काम सांगितलं आणि हसू गोठलं.

"ओटीपी?"

"व्हय. फकस्त सहा आकडे."

"अण्णा, तुम्ही देवमाणूस. पण बँकेच्या साहेबानं सगळ्या व्यापाऱ्यांना बसवून सांगितलंय. सख्खा भाऊ आला तरी ओटीपी द्यायचा न्हाय. मागच्या महिन्यात माझ्या साडूचा..." आणि साडूची गोष्ट सुरू झाली. अण्णा ऐकत राहिले. गेल्याच आठवड्यात शरणबसप्पांच्या गॅसचा कोड त्यांनी जेवणावरून उठून सांगितला होता.

गौरीशंकर गुरुजी भेटले. "देतो की," म्हणाले, फोन काढलासुद्धा, आणि मग थांबले. "आधी पोराला विचारतो. तो रागावतो हो." पोराला फोन लावला. लागेना. गुरुजी फोनकडं बघत, अण्णांकडं न बघता, गर्दीत मिसळले. तिसऱ्यानं सरळ सांगितलं, फोन घरी राहिलाय. त्याच्या खिशात गाणं वाजत होतं.

आणि या सगळ्यात अण्णांचा फोन वाजतच होता. कुणाला सिलिंडरचा कोड, कुणाला पिकाच्या नोंदीचा, कुणी नुसतंच, "अण्णा, शाळेचा मेसेज आला का?" अण्णा प्रत्येकाला सांगत होते. न सांगून करणार काय? तिकडं माणूस खोळंबलेलं असतं. खिडकीत बसलेल्या माणसाला ते पक्कं माहीत असतं. त्यांना एकदम जाणवलं की खिडकी सुटून नऊ वर्षं झाली, पण ते अजून तिथंच बसलेत. फक्त आता तिथं कुलूप लावून घरी जायची वेळ होत नाही.

साडेचार वाजले. परतताना भाजीच्या रांगेत बनाबाईनं हाक मारली. वस्तीतलीच. वांगी, मेथी, गवार घेऊन बाजार करणारी.

"अण्णा, तोंड का असं? चक्कर आली का काय?"

अण्णांनी सांगितलं. सांगताना शरमही वाटली. बनाबाईनं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. कमरेच्या पिशवीतून बटणाचा फोन काढला, पदरानं पुसला आणि त्यांच्या हातात दिला.

"मला काय वाचाया येतंय? तुमीच बघा. चला, म्या बी येते. वांगी बघील ती शेजारीण."

दुकानात आल्यावर नंदीशनं तिचा नंबर टाकला. एक मिनिट. दोन मिनिटं. काही येईना. अण्णांनी बटणं दाबून बघितलं तर मेसेजची पेटी भरलेली, एक काढल्याशिवाय दुसरा आत यायला जागा नाही. कंपनीच्या गाण्यांचे, लॉटरीचे, नाना तऱ्हेचे मेसेज. अण्णांनी अंगठ्यानं एकेक पुसायला घेतले, आणि पाचव्याला फोन टुणकन वाजला.

"आठ... पाच... तीन..." अण्णांनी पुकारलं. आजवर पुकारलेल्या कोडांत त्यांच्या नावचा हा पहिलाच.

ईमेल निघाला. त्या तडकलेल्या काचेवर 'पिराजी, तुमचं स्वागत आहे' असं आलं. नंदीशनं झटपट तो फॉर्ममध्ये टाकला, पासपोर्टचा नंबर टाकला, फोटो चढवला. पावणेपाच, पाचाला दहा कमी, आठ कमी. हिरवं बटण तेवढं राहिलं. नंदीशचं बोट त्यावर टेकलेलं.

"अण्णा, दाबू?"

"थांब जरा," बनाबाई म्हणाली. "कुठं चाललाव अण्णा तुमी?"

"श्रीलंकेला. अकरा दिवस."

"फोन?"

"तो संगंच लागणार बाई. तिकीट त्यातच येणार."

"मंग तिकडनं कोड सांगताल का?"

"तिकडं ह्या सिमला रेंज नसती, मावशी," नंदीश म्हणाला.

बनाबाईनं आपला फोन कमरेच्या पिशवीत सरकवला. पायरीवर शरणबसप्पा येऊन उभे होते, त्यांच्यामागं गुरुजी, आणखी चार-सहाजण. बातमी बाजारात पोचायला असा कितीसा वेळ लागतो?

"अण्णा, जायचं ते जावा," शरणबसप्पा म्हणाले, "पण माझ्या अनुदानाचा कोड ह्याच पंधरवड्यात येणार. फोन माझ्या गल्ल्यावर ठेवून जावा. म्या जपतो."

"माझ्या पेन्शनीचा दाखला हाय," गुरुजी हळूच म्हणाले. "पुढच्या महिन्यात न्हाय का जमणार तुम्हाला?"

"पुढच्या महिन्यात यात्रा कुठं हाय गुरुजी?" नंदीश वैतागला. "अण्णा, पाचच मिनिटं राहिली."

कुणी हटलं नाही. दार माणसांनी भरलं होतं, उजेड आत येईना. अण्णा भिंतीला लागून त्या खुर्चीत. यातल्या प्रत्येकाचं खरंच काहीतरी अडणार होतं, आणि त्यांना ते प्रत्येकाचं वेगवेगळं ठाऊक होतं. कुणाचा राग यावा असं कुणी नव्हतं. राग आला असता तर सोपं झालं असतं. त्यांची नजर बनाबाईकडं गेली. तिच्या नातीचा नर्सिंगचा फॉर्म होता. तिला कोड येणार होता आणि तो येणार होता अण्णांच्याच नंबरावर. हिनं आता न विचारता फोन दिला होता, आणि तिला नाही कसं म्हणायचं हे अण्णांना सुचेना. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"नंदीश, हिच्या नातीच्या फॉर्मात नंबर बदलता येतो का?"

"येतो की. बनामावशीचाच टाकतो उद्या. बाकीच्यांचेबी बदलून देतो. फकस्त एकेकानं यायचं."

"मला वाचाया येत न्हाय पण," बनाबाई म्हणाली.

"नातीला येतंय की."

बनाबाईनं मान हलवली, पण डोळे काही अण्णांवरून काढले नाहीत. घड्याळात पाचाला तीन मिनिटं होती. मग तिनं विचारलं, वस्तीतल्या सगळ्यांच्या वतीनं विचारावं तसं, "आन अण्णा, अकरा दिवस आमी करायचं काय?"

अण्णा म्हणाले, "बनाबाई, माझी माय गेली तवा म्या डेपोतनं आठ दिवस रजा घेतली व्हती. रोज पहाटं जीव उडायचा, कोण पुकारत आसंल गाड्या म्हणून. परत येऊन बघितलं, तर भूमची एक गाडी चुकली नव्हती, आन मला लई वाईट वाटलं व्हतं. नंदीश, दाब ते बटण."