शेषरावांचा दुप्पट गारवा

शेषरावांचा मळा अकोल्याहून बार्शीटाकळीकडे जाताना लागतो. वांगी, मेथी, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या पहाटे बाजारात पोचवायच्या आणि उन्हं चढायच्या आत घरी परतायचं, असं त्यांचं आयुष्य. पण गावात त्यांचं नाव भाजीपेक्षा कूलरमुळे जास्त. मार्च सरला की ते कूलरमध्ये नवा वाळा भरत, मोटारीला तेल देत आणि शेजाऱ्यांचे कूलरही हौसेने दुरुस्त करून देत.

यंदा त्यांची वर्षाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. अमरावतीचे जावई शुभम यांनी दीड टनाचा एसी आणून समोरच्या खोलीत बसवला. पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवसापासून मात्र भर दुपारी खट्ट आवाज व्हायचा आणि घरातली लाइन जायची. बाळाला घामोळं आलं. ते रडू लागलं की शेषरावांच्या हातातला घास तसाच राही.

चौथ्या दिवशी शुभमचा फोन आला. "बाबा, तिकडे लाइन टिकत नसेल तर रविवारी मी दोघींना घेऊन जातो."

बाळंतिणीचा सव्वा महिनाही झाला नव्हता. शेषराव फोन ठेवून मळ्यात गेले आणि नुसतेच पाटाचं पाणी वळवत बसले.

रविवारी शुभम आला. त्याच दुपारी शेषरावांच्या बायकोने, माणिकबाईंनी, गोपाल वायरमनला बोलावून घेतलं. गोपालने चिमट्यासारखं मीटर मुख्य वायरीला लावलं.

"सात अँपिअर. एसी बरोबर ओढून राहिला, त्याचा काही दोष नाही."

"मंग लाइन पडते काहून?" माणिकबाईंनी विचारलं.

"रोज दुपारी जे जे करता, ते करा बरं."

शेषराव उठले. त्यांनी खिडकी उघडली, तिथल्या कूलरचं बटण दाबलं आणि बाहेर जाऊन पाण्याची मोटार सुरू केली. मीटरवरचा आकडा एकदम उसळला. खट्ट! पंखासुद्धा थांबला.

"काका, काय केलं तुमी?" गोपाल ओरडला.

"कूलर भरून राहिलो. दुसरं काय?"

"एसी चालू असताना कूलर?"

"अरे, एसीची हवा कोरडी. लेकराले ओलावा नको का? एसीचा एक गारवा, कूलरचा एक. दुप्पट झाला ना!"

आतून वर्षाली हसत ओरडली, "अवो बाबा, म्हंजे दुपटी कूलरच्या शिंतोड्यानं ओली होत होती! मी पोरीनंच ओली केली समजून उगाच बदलून राहिली होती."

माणिकबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरेना. शुभमही हसत खाटेवर बसला. गोपालने समजावलं, की उघड्या खिडकीतून गरम हवा येते आणि कूलर खोली दमट करतो, म्हणून एसीला क्षणभर उसंत मिळत नाही. त्यातच पाण्याची मोटार सुरू होताना विजेचा मोठा घोट घेते. सगळा भार एका जुन्या वायरीवर, जास्त भार आला की आपोआप पडणाऱ्या दहा अँपिअरच्या बटणावर.

शेषरावांचा चेहरा उतरला. "म्हणजे पोरीले मीच घालवून राहिलो होतो?"

"घालवून कशाला, बाबा?" शुभम म्हणाला. "तुमच्याइतका गारवा आमच्या घरी तिला कोण देणार?"

गोपालने मीटरपेटीपासून एसीसाठी वेगळी जाड वायर ओढली, वेगळं बटण बसवलं. कूलर ओसरीवर गेला. खिडकी बंद झाली, एसी सव्वीसवर ठेवला. शेषराव मीटरपाशीच उकिडवे बसले.

"आता किती, गोपाल?"

"साडेसहा."

"आता?"

"पाच. काका, दम तर धरा!"

खोली गार होत गेली तसा आकडा खाली येत तीनवर टेकला. बाळ पाय पसरून झोपलं होतं. माणिकबाईंनी तिच्या अंगावर दुपटं घातलं. मे महिन्यात त्या घरात कुणी पांघरूण घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीने शुभम एकटाच अमरावतीला गेला. बाळ बघायच्या निमित्ताने शेजारच्या केशरबाई गार हवेत येऊन बसल्या, त्यांच्यामागे जमुना आली, तिच्यामागे तिची जाऊ. चहा झाला तरी कुणी उठेना. शेषराव दारापाशी पाट टाकून बसले होते. कुणी आलं-गेलं की कडी धरून म्हणायचे, "दार लावा वो बाई, दार! तिनाचे सात होतीन!"