खालची नळी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता का सांगतो आहे, ते मला नीट मांडता येणार नाही. मोजमापाचा माणूस आहे मी — मापानेच सांगतो.

जर्मनची लढाई संपून दीड वर्ष झालं होतं. नगरजवळ केडगावला माझी पत्र्याची शेड होती, लॉऱ्या दुरुस्त करायचो. एका शेटजींच्या जुन्या लॉरीत लष्कराच्या लिलावातलं इंजिन बसवायचं काम आलं. इंजिन चार दिवसांत बसलं. अडलं ते पाण्याच्या नळ्यांपाशी. जुन्या इंजिनाला पंपच नव्हता. गरम पाणी आपोआप वर चढायचं, गार खाली उतरायचं. नव्याला पंप होता, रेडिएटरमधलं पाणी खालच्या नळीतून ओढून घेणारा. त्याचं तोंड डावीकडे, रेडिएटरचं उजवीकडे. म्हणजे एकोणीस इंचांची रबरी नळी आणि तिला दोन वळणं. अशा नळीत आतून तारेचं वेटोळं घालावं लागतं. नाहीतर पंपाच्या ओढीने ती आत बसते आणि पाणी थांबतं. मला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं.

तशी तार नगरात मिळाली नाही. पुण्याहून आणायची तर दोन दिवस. आणि शेटजींना मी शनिवारचा शब्द दिला होता — माझा शब्द चुकत नाही, असं लोक म्हणायचे. मला ते आवडायचं.

शनिवारी सकाळी ड्रायव्हर लॉरी न्यायला आला. दानिएल, शेवगावचा. त्याला इंजिन चालू करायला सांगून मी नळीकडे बघत उभा राहिलो. सावकाश चालताना सगळं ठीक. मग म्हटलं, जरा जोर दे. त्याने दिला — आणि नळी माझ्या डोळ्यांदेखत चपटी झाली.

"आनखी दाबू का, मिस्त्री?"

"बास. झालं काम."

"आवाज लई ग्वाड हाय. माज्या बायकूपरीस कमी बोलतंय."

मी हसलो. बॉनेट लावून टाकलं.

दुपारी, भरल्या लॉरीनिशी, करंजीच्या घाटात इंजिन उकळलं. दानिएलने हातावर गोणपाट घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवलं. वाफ सरळ तोंडावर आली. डावा डोळा गेला. उजव्याला दीड हातापलीकडचं दिसेना.

शेटजींनी मला घाटात नेलं, कारण विचारलं. लॉरीत रेडिएटरसाठी ठेवलेला पाण्याचा डबा रिकामा पडला होता. दानिएलची सवय सगळ्या रस्त्याला ठाऊक होती — उन्हात पायी जाणारं कुणी दिसलं की गाडी थांबवून डबा पुढे करायचा. त्या दिवशी ऊसतोडीहून घरी परतणाऱ्या बायामाणसांना त्याने पाणी पाजलं होतं. मी डबा उचलला, उलटा केला आणि म्हणालो, नवं इंजिन पाणी जास्त पितं, घाटाखाली भरायला हवं होतं. ह्याने वाटून टाकलं.

किती सोपं गेलं ते! कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही.

पुण्याहून तार मागवली. शेडमध्ये कुणी नसताना नळी काढली, वेटोळं घातलं, पुन्हा बसवली. त्यानंतर ती लॉरी सहा वर्षं त्याच घाटातून गेली. एकदाही उकळली नाही. दानिएलचं काम मात्र सुटलं ते सुटलंच. त्याची बायको दुसऱ्यांच्या शेतात जाऊ लागली.

तो माझ्यावर कधी रागावला नाही. रागावेल कशाला? माझं म्हणणं त्याला पटलं होतं. त्याचा मोठा मुलगा ड्रायव्हर झाला, तेव्हा पहिल्या फेरीआधी दानिएलने मला मुद्दाम बोलावलं. ओट्यावर चहा घेत बसलो होतो. मुलगा डबा भरून निघाला, तसा दानिएल त्याच्या आवाजाच्या रोखाने म्हणाला, "रस्त्यात कुनी बी हात करू दे, पानी द्यायचं न्हाई. इचार मिस्त्रीला."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.